आवर, आटप, उरक : वेगाच्या शब्दांच्या फलकांच्या नोंदी

२ डिसेंबर

तालुक्याच्या वाचनालयात १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा पंधरवडा आहे. जिन्यालगतची लांब भिंत आम्हाला मिळाली आहे. दरवर्षी तिथे म्हणींचे तक्ते लागतात आणि पहिल्या दिवसानंतर कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. ह्या वेळी विषय एकच घ्यायचा, घाई. लवकर, जलद, त्वरित, झटपट, सुसाट, लगेच... माणसाला, गाडीला किंवा कामाला पुढे रेटणारे शब्द कुठून आले आणि आज कुठे कामाला आहेत, एवढंच भिंतीवर मांडायचं.

नियम ठरवले. व्युत्पत्ती कोशात सापडली आणि ध्वनीच्या हिशेबातही बसली तरच फलकावर जाईल. ‘ऐकायला सारखं वाटतं म्हणून नातं’ हा प्रकार बंद, कारण मराठीत ह्या वाटेने कुठूनही कुठेही जाता येतं. टेबलावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश. मोल्सवर्थ आणि दाते दोन्ही जालावर शोधता येतात, त्यामुळे जाड खंड उचलायची वेळ कमी येते.

दुसरा नियम ग्रंथपालबाईंचा. “शब्द तोंडातला हवा. कोशात मेलेला नको.” मान्य.

५ डिसेंबर

आज फक्त ‘त्वर्’ हा धातू. घाई करणे हा त्याचा अर्थ. त्वरा, त्वरित हे उघडच. सत्वर म्हणजे त्वरेसकट, स + त्वरा. तुर म्हणजे वेगवान, म्हणून वेगाने जाणारा तो तुरग, तुरंग, तुरंगम. घोडा. संस्कृतात घोड्याला नावं पुष्कळ आहेत, पण ह्या नावात त्याचं रूप नाही, जात नाही, नुसती धाव आहे.

ह्याच घराण्यातला ‘तूर्त’ मला सगळ्यांत आवडला. त्वर्-पासून तूर्ण, तूर्त आणि त्वरित अशी रूपं झाली, अर्थ एकच, घाईने. जुन्या मराठीतही तूर्त म्हणजे ताबडतोब हा अर्थ आहे. मग तो सरकत सरकत ‘आत्ता, ह्या घडीला’ असा झाला, आणि तिथून ‘सध्यापुरतं’. आज तूर्त कुठे भेटतो? ‘तूर्त स्थगिती’, ‘तूर्तास निर्णय नाही’, ‘तूर्त एवढंच’. घाईच्या पोटी जन्मलेला शब्द आता काम पुढे ढकलायच्या खात्यात रुजू झाला आहे. त्याची सख्खी भावंडं वेगळ्या नोकरीत आहेत. ‘त्वरित कार्यवाही करावी’ हा शेरा ज्या कागदावर पडतो, त्याच कागदावर पुढे ‘तूर्त प्रलंबित’ही पडू शकतं, आणि दोन्ही शब्द एकाच धातूचे.

ह्याला स्वतंत्र फलक. वर घोडा, खाली स्थगितीचा कागद. चित्रकलेच्या सरांना सांगितलं, ते हसले आणि म्हणाले, “घोड्याला कागद खाताना दाखवू का?” नको.

८ डिसेंबर

शाळेत गेलो. विज्ञानाच्या बाईंनी नववीचं पुस्तक समोर ठेवलं. तिथे तीन शब्दांची वाटणी पक्की आहे. चाल म्हणजे किती अंतर किती वेळात. वेग म्हणजे तेच, पण दिशेसकट. आणि वेग ज्या दराने बदलतो तो दर म्हणजे त्वरण. गाडी थांबलेल्या जागेवरून निघून ८ सेकंदांत ताशी ७२ किलोमीटरला पोचली, तर वेग सेकंदाला २० मीटर झाला. २०ला ८ने भागलं की सरासरी त्वरण सेकंद-वर्गाला २.५ मीटर. हातातून सुटलेला दगड पृथ्वी ९.८ने खेचते. वेग कमी होत असेल तर ऋण त्वरण. विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत ह्याच कल्पनेला प्रवेग म्हटलं आहे, आणि अणूंच्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राला कणवेगवर्धक. तोंड भरून येतं, पण शब्द स्वच्छ आहे, तोडला की अर्थ हातात.

इथे एक गोष्ट ध्यानात आली. घाईचे शब्द आपल्याकडे ढिगाने आहेत, पण ‘वेग किती पटकन वाढतो’ ह्याला रोजच्या बोलण्यात वेगळं नाव नव्हतं. बैलगाडीला त्याची गरज पडत नसावी. गरज पडली ती इंजिन आल्यावर. म्हणून शाळेतून थेट गॅरेजात गेलो. तिथे त्वरण कुणी म्हणत नाही. तिथे शब्द आहे पिकअप. “गाडीला पिकअप नाही”, “दुसऱ्या गिअरला पिकअप खातीय”, “कार्बोरेटर साफ केला, आता पिकअप बघा.” हे शंभर टक्के त्वरण आहे, तेही नेमक्या अर्थाने. चालवणाऱ्याला गाडी ताशी शंभरला जाते का ह्याच्याशी देणंघेणं नाही, ती उठते कशी ह्याच्याशी आहे. इंजिनला ‘रेस देतात’, ज्याने रेस द्यायची त्या दांड्याला ‘अ‍ॅक्सिलेटर’ म्हणतात, मधला एक र कधीच गळून पडला आहे. मूळ लॅटिन शब्दात सेलेर म्हणजे चपळ. मिस्त्रीला मी हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पाना मागितला.

फलकावर त्वरण आणि पिकअप शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत. विज्ञानाच्या बाईंची हरकत नाही. मराठीच्या सरांची आहे. त्यांचं म्हणणं, भाषा पंधरवड्यात पिकअप कशाला. मी म्हटलं, ज्या शब्दाने माणूस विचार करतो तो त्याचा. ह्यावर बैठक होणार आहे म्हणे.

१२ डिसेंबर

फारसीचा दिवस.

‘शिताफी’. वर्तमानपत्रात ह्याला एकच काम उरलं आहे, पोलिसांनी चोराला शिताफीने पकडलं. अर्थ आपण घेतो चतुराईने, हात साफ ठेवून. मूळ फारसी शिताब, शिताबी. अर्थ चतुराई नव्हे, निव्वळ घाई, चपळाई. मराठीत ब-चा फ झाला आणि घाईत कौशल्य मिसळलं. मिसळणं साहजिकच होतं. घाईने केलेलं काम बिघडलं नाही, तर बघणाऱ्याला ती कलाच वाटते.

ह्या शब्दाची दुसरी शाखा इराणात आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्वरणाला शिताबच म्हणतात, त्यांच्या उच्चारात ‘शेताब’. कणवेगवर्धकाला म्हणतात शेताब देणारा. तिथल्या बँकांच्या कार्डांना जोडणाऱ्या जाळ्याचं नावही शेताब. म्हणजे आपल्याकडे जो चोराच्या मागे धावतो, तो तिकडे न्यूटनच्या नियमात बसला आहे. फलकासाठी ह्याहून चांगलं काय मिळणार.

‘जलद’ हाही तिकडचाच पाहुणा. अरबी-फारसी जल्द, त्यावरून हिंदीत जल्दी, आपल्याकडे जलद. गंमत अशी की संस्कृतात जलद म्हणजे ढग, जल देणारा. कवितेत ढग जलद असतो, फलाटावर लोकल जलद असते, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. मुंबईच्या लोकलने ह्या शब्दाला जी नोकरी दिली तिच्यामुळे तो पक्का झाला असं माझं मत. ‘जलद’ आणि ‘धीमी’ ही जोडी लाखो लोक रोज ऐकतात. जलद म्हणजे नुसती वेगवान नव्हे, मधली स्थानकं सोडणारी. बदलापूर जलद आणि बदलापूर धीमी ह्यांच्या इंजिनात फरक नसतो, थांब्यांत असतो. न थांबणं हा मराठीतल्या जलदचा नवा अर्थ, आणि तो माझ्या टेबलावरच्या कोशांत नाही.

तिसरा ‘तेजी’. फारसी तेज म्हणजे धारदार, तिखट, चपळ. आपला संस्कृत तेज आणि हा तेज दूरचे भाऊ, दोघांच्या मुळाशी धार आहे. बाजारात तेजी-मंदी. आणि जुन्या मराठीत तेजी म्हणजे उमदा घोडा. म्हण अजून ऐकू येते, ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’. तट्टू टोचल्याशिवाय हलत नाही, तेजीला नुसती खूण पुरते.

१३ डिसेंबर

छोटी नोंद. सरकारी मराठीने वेगाची दोन जोडनावं केली आहेत. न्यायालय ‘जलदगती’, महामार्ग ‘द्रुतगती’. पहिल्यात फारसी आणि संस्कृत एका दांडीला बांधले आहेत, दुसरा अस्सल संस्कृत. ह्यामागे धोरण असेल असं वाटत नाही, ज्या खात्यात जो कोश हाताशी होता तो वापरला गेला.

द्रुतचा धातू ‘द्रु’, धावणे, वाहणे. त्यावरून द्रव, आणि अंगावर धावून येतो तो उपद्रव. संस्कृतात द्रुत म्हणजे वेगवानही आणि वितळलेलाही. गाण्यात विलंबित, मध्य, द्रुत. बंदिश द्रुतमध्ये गेली की सूर वाहायला लागतात, तिथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९४ किलोमीटरचा, २००२मध्ये पूर्ण खुला झाला. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घाटात अडकलेल्या माणसाला ह्यातला वितळण्याचाच अर्थ जवळचा वाटेल. (‘दृतगती’ असं लिहिलेले फलकही पाहिले आहेत. मराठीत दृत म्हणजे काहीच नाही.)

१७ डिसेंबर

आजचं काम सगळ्यांत जास्त रमवणारं. संस्कृत नाही, फारसी नाही, आपल्या घरचे आवाज.

झटकन, पटकन, चटकन, झपकन, खटकन, टपकन. आवाजाला ‘कन’ लावलं की झालं घाईचं क्रियाविशेषण. ‘दिशी’ लावूनही होतं, झटदिशी, चटदिशी. इतपत सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी ह्याच आवाजांची नामं लिहायला घेतली आणि हात थांबला. झटकन, झटका. चटकन, चटका. फटकन, फटका. तडकन, तडाखा. सगळी मारायची नावं. तिथून पुढे झपाटा, सपाटा, धडाका. पाठीत बसतो तो रपाटा, तळहाताचा बसतो तो धपाटा (आणि थापून केलेलं ते धपाटं). आता वर्तमानपत्र उघडा. बदल्यांचा सपाटा. उद्घाटनांचा धडाका. शहराची झपाट्याने वाढ. फलंदाजाचा तडाखा. विकासकामांचा झपाटा. काम वेगाने होतंय हे सांगायला मराठी माणूस ज्या शब्दांकडे जातो ते जवळजवळ सगळे फटक्याचे आहेत. गॅरेजातही तेच. गाडी जोरात चालवली म्हणजे ‘हाणली’. “पुण्याहून हाणत आलो.” हाणणे म्हणजे दुसरं काय.

ह्याचं कारण मला साधं वाटतं. फटका हीच माणसाच्या अनुभवातली सर्वांत कमी वेळात संपणारी गोष्ट. पापणी लवायच्या आत बसतो आणि आवाज मागे राहतो. वेळ मोजायचं घड्याळ नव्हतं तेव्हा ‘अगदी थोडा वेळ’ दाखवायला हा आवाज होता. म्हणून ‘चुटकीसरशी’, म्हणून ‘टाळी वाजवेपर्यंत’.

झपाटणे मात्र ह्यातून बाहेर पडून भुताकडे गेलं. झाडाखालून येताना झपाटला. तीच झडप, तोच अचानकपणा. त्यामुळे ‘झपाटून कामाला लागला’ ह्यात वेगही आहे आणि भूतही.

मग दुहेरी शब्द. पटपट आणि पटापट. भरभर आणि भराभर. झपझप आणि झपाझप. धडधड आणि धडाधड. पुस्तकी उत्तर, मधल्या ‘आ’ने जोर वाढतो. मला ते पुरेसं वाटत नाही. वाचनालयात आलेल्या मुलांना दोन-दोन वाक्यं करायला सांगितली. ‘पटपट जेव’ म्हणतात, पण मुलं पाण्यात ‘पटापट उड्या मारतात’. ‘भरभर चाल’ एकट्याला, ‘भराभर माणसं जमली’ पुष्कळांना. छाती ‘धडधडते’ आणि बरण्या ‘धडाधड पडतात’. म्हणजे ‘आ’ने नुसता वेग वाढत नाही, गोष्टी मोजता येतात. पहिल्यात एकच धार आहे, दुसऱ्यात एकामागून एक पडणारे सुटे सुटे फटके. मधला लांब स्वर म्हणजे दोन फटक्यांमधली फट. ‘झपाझप पावलं टाकत’ ह्यात पावलं दिसतात, ‘झपझप’मध्ये नुसता माणूस सरकतो.

ह्या शेवटच्या भागाला कोशाचा आधार नाही, हे माझं निरीक्षण, म्हणून फलकावर ते विधान म्हणून जाणार नाही. वाक्यांच्या जोड्या छापू, वाचणारा ठरवेल.

आणखी एक टोळी, ‘आट’वाली. कडकडाट, घोंघाट, किलबिलाट, गडगडाट हे आवाज आहेत हे कानालाच कळतं. त्यांच्याच रांगेत सुसाट, भन्नाट, आणि आमच्या भागातला बुंगाट. सू करत गेलं ते सुसाट, कानाशी भन्न झालं ते भन्नाट. वेग डोळ्याने नव्हे, कानाने मोजलेला. भन्नाट आता कुठल्याही चांगल्या गोष्टीला लावतात, भन्नाट मिसळ, भन्नाट नाटक, तिथे वेगाचा मागमूस नाही. बुंगाट अजून प्रामाणिक आहे. तो फक्त पळण्याला लागतो.

१८ डिसेंबर

कालच्या टोळीत बैलगाडा शर्यतीतलं ‘भिर्रर्र’ राहिलं. ध्वनिक्षेपकावर निवेदक ‘झाली झाली भिर्रर्र’ म्हणतो तेव्हा बैलं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटलेली असतात आणि सेकंद मोजणं सुरू झालेलं असतं. शर्यती २०१४मध्ये बंद झाल्या, डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, मे २०२३मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. निकालपत्रं आली-गेली, त्या भिर्रर्रला कोशात जागा नाही ती नाहीच. फलकावर देऊ. अक्षरं तिरकी काढायला सांगितली आहेत.

२० डिसेंबर

आज कोश उघडला नाही. सकाळी सात ते नऊ ह्या वेळात घरोघरी कुठले शब्द लागतात ते विचारत फिरलो. शेजारच्या चाळीतल्या बायांनी हसून घेतलं आणि मग भरभरून सांगितलं. यादीत धाव नाही, पळ नाही, वेग तर नाहीच. आहे ते हे: आवर. आटप. उरक. “आवर गं, रिक्षा आली.” “आटपा चला, पाणी जाईल.” “उरका एकदाचं.”

तिन्ही शब्द नीट बघा. आवरणे म्हणजे रोखणे, ताब्यात ठेवणे. बैल आवर, जीभ आवर, राग आवर, अश्रू आवर. आटपणे म्हणजे आवाक्यात घेणे. आटोपशीर म्हणजे हातात मावेल एवढं. उरकणे म्हणजे संपवून टाकणे. ह्यांतल्या एकाही शब्दात वेग नाही. दोन तर सरळ लगाम खेचणारे आहेत. तरी मराठी मुलाला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा घाई करायला लावणारे शब्द हेच.

मला ह्यात घराचं शहाणपण दिसतं. आईला मुलाने वेगाने हालचाल करायला नको आहे, वेगाने केली तर दूध सांडेल. तिला पसरलेलं गोळा व्हायला हवं आहे. अर्धा डबा, एक मोजा, उघडी वही, हे सगळं एका मुठीत यायला हवं. वेळ वाचतो तो धावण्यात नाही, पसारा कमी करण्यात. ‘आवरतं घ्या’ हे लांबलेल्या भाषणालाही म्हणतात, आणि तिथेही कुणी वक्त्याला भरभर बोल म्हणत नसतो.

बाहेर निघाल्यावर शब्द बदलतात. “पाय उचल.” “हात चालव.” इथे अवयवाला थेट हुकूम. तेही वेगाचं नाव न घेता. आणि “चल चल चल”, तीनदा म्हटलं की पुरे.

माझ्यापुरतं चित्र आता उभं राहिलं. एक एक थर एक एक जागी कामाला लागला आहे. संस्कृत शाळेत आणि शासनाच्या शेऱ्यात. फारसी फलाटावर, बाजारात आणि पोलीस ठाण्याच्या बातमीत. आवाजाचे शब्द रस्त्यावर. इंग्रजी गॅरेजात. आणि घरात, जिथे खरी घाई असते, तिथे वेगाचा शब्दच नाही. फलकांची मांडणी धातूंप्रमाणे न करता जागांप्रमाणे करायची. शाळा, कचेरी, फलाट, गॅरेज, रस्ता, घर. सहा फलक. ग्रंथपालबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, “मग तूर्तचा घोडा कुठे जाणार?” कचेरीत.

२३ डिसेंबर

वेंगुर्ल्याकडच्या एक आजी वाचनालयाशेजारी राहायला आल्या आहेत. नातवाला हाक मारताना ‘बेगीन ये’ म्हणतात. बेगीन म्हणजे लवकर, मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत रोजचा शब्द. मूळ वेग. संतांच्या मराठीत ‘वेगीं’ सारखा भेटतो, व-चा ब झाला की बेगीन समोर उभा. घाटावर आपण ‘वेग’ हे नाम ठेवलं आणि त्याचं ‘वेगाने’ केलं, कोकणाने जुनं क्रियाविशेषणच जपलं.

वेगचा धातू विज्, दचकणे, थरथरणे. उद्वेग, उद्विग्न, आवेग त्याच घरचे. मूळ कल्पना धाव नव्हे, दचकून उसळणं.

मनाच्या वेगाचा दाखला शोधायला लांब जावं लागलं नाही. भीमरूपी स्तोत्रात समर्थांनी मारुतीला आधी ‘आला गेला मनोगती’ म्हटलं आणि लगेच पुढे ‘मनासी टाकिलें मागें’. आधी मनाइतका वेगवान, मग मनापेक्षा. दोन चरणांत त्वरण दाखवून दिलं आहे. विज्ञानाच्या बाईंना हे फार आवडलं, फलकावर त्वरणाखाली ही ओळ घालू या म्हणाल्या.

२७ डिसेंबर

उलट बाजूचा एक शब्द घ्यायलाच हवा होता, ‘हळू’.

हळू आला लघुपासून. लघुचं प्राकृतात लहु, मग अक्षरं जागा बदलून हलु, आपल्याकडे हळू. हलका त्याचाच भाऊ. आता लघु म्हणजे संस्कृतात हलकं, आणि जे हलकं ते चपळ, म्हणून वेगवानही. वेदांत ह्याचंच जुनं रूप रघु, अर्थ चपळ, वेगाने जाणारा. म्हणजे रघुपती ज्या शब्दातला तोच शब्द मराठीत येईपर्यंत ‘हळू चाल, पडशील’ म्हणू लागला.

वाट कशी वळली ते समजू शकतं. हलकं पाऊल चपळ असतं, पण त्याचा आवाजही होत नाही. आवाज न करता चालणं म्हणजे जपून चालणं, जपून म्हणजे सावकाश. ‘हळू बोल’ म्हणजे आजही कमी आवाजात बोल, कमी वेगात नव्हे. ह्या एका वापरात हलकेपणा शिल्लक आहे.

सावकाशही तोडून पाहिला. स + अवकाश, जागा आणि सवड बाळगून. सत्वरची बरोबर उलट बाजू, बांधणीही तीच. रस्त्यावरच्या पाटीवर ‘वाहने सावकाश चालवा’ असतं, त्याचा अक्षरशः अर्थ मधे जागा ठेवून चालवा. वाहतूक खात्याला ह्याहून नेमकं सांगता आलं नसतं.

३० डिसेंबर

गाळलेल्यांची नोंद.

‘घिसाडघाई’ गाळला. शब्द जोरदार आहे, सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यात घिसाडी समाजाचं नाव आहे आणि ते निंदेसाठी वापरलेलं आहे. लोखंड लाल आहे तोवरच घाव घालता येतो, त्या कारागिराला घाई करावीच लागते, आणि बघणाऱ्यांनी त्या घाईला बेपर्वाई ठरवलं. कोशात तो राहू द्या. वाचनालयाच्या भिंतीवर त्या समाजाचं मूल उभं राहून वाचणार असेल तर नको.

‘ताबडतोब’ आणि ‘तातडी’ही बाजूला. दोन्ही रोजचे, पण व्युत्पत्तीला फलकाइतका भक्कम पाया मिळाला नाही. ‘लगेच’ आणि ‘लागलीच’ घेतले, ते लागणे, चिकटणे ह्यातले. एका गोष्टीला दुसरी टेकली, मधे फट नाही, म्हणजे लगेच. त्यांना ‘तत्काळ’शेजारी ठेवलं, फलाटाच्या फलकावर. तत्काळ तिकिटाची खिडकी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १०ला उघडते, बाकीच्यांसाठी ११ला, आणि बहुतेकांसाठी लागलीच मिटते.

घाटातली ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी रस्त्याच्या फलकावर तशीच उतरवली. कुणी लिहिली कुणास ठाऊक, पण यमक टिकलं आहे.

४ जानेवारी

पिकअपवरची बैठक झाली. अर्धा तास. मराठीचे सर म्हणाले, पिकअप ठेवायचा तर अवतरणचिन्हांत ठेवा. मी म्हटलं, मग जलद, शिताफी आणि तेजीही अवतरणचिन्हांत ठेवू, तेही बाहेरून आले. सरांनी थोडा विचार केला. “त्यांना येऊन तीनशे वर्षं झाली.” ग्रंथपालबाईंनी विचारलं, मुदत किती वर्षांची धरायची? तिथे विषय मिटला. अवतरणचिन्हं कुणालाच नाहीत.

सरांची एक सूचना मात्र उत्तम, ती घेतली. ज्योतिषाचा शब्द आहे ‘अतिचारी’. ग्रह नेहमीपेक्षा जास्त वेगाने सरकू लागला की तो अतिचारी. पंचांग बघणाऱ्या घरांत अजून बोलतात, ‘गुरू अतिचारी आहे’. सूर्यसिद्धांतात ग्रहांच्या गतीचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत मंद, मंदतर, सम, शीघ्र, शीघ्रतर अशी पायरीपायरीची वाटणी आहे. आकाशाकडे बघून वेगाचा बदल मोजणाऱ्यांना ह्या पायऱ्या लागल्या. शाळेच्या फलकावर त्वरणाच्या वर जागा आहे.

९ जानेवारी

छपाईची कच्ची प्रत आली. घरच्या फलकावर चित्रकाराने धावती बाई काढली होती, एका हातात डबा, एका हातात दप्तर. बदलायला सांगितलं. ह्या फलकावर कुणीही धावत नाही, हाच तर मुद्दा. आता नुसता ओटा आहे आणि तीन शब्द.

भिर्रर्रमधले र कमी पडले होते, दोन वाढवले. द्रुतगतीचा द्रु बरोबर आहे, दोनदा पाहिला. शिताफीखाली फारसी लिपीतलं रूप घालायचं होतं, पण छापखान्याकडे तो टंक नाही. देवनागरीतच ठेवलं.

बुंगाट सगळ्यांत मोठ्या अक्षरात, जिन्याच्या वळणावर. शाळेच्या मुलांची पहिली तुकडी १४ला सकाळी साडेदहाला येते. फलकांखाली कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवायच्या आहेत, ज्याच्या घरी वेगळा शब्द असेल त्याने लिहून टाकावा. चिठ्ठीवर गावाचं नाव हवं, माणसाचं नको.